डावीकडचा चढ

माझ्या थोरल्या लेकीचं, गजराचं, बारसं झालं त्या सालची ही गोष्ट. बारसं झालं गावाकडं, माणदेशात, आणि मी होतो पार उत्तरेला, हिमनदीवरच्या एका तळावर. पोरीचं नाव काय ठेवलं ते मला पत्रातून कळलं. तेही दुसऱ्यानं वाचून दाखवलं, कारण तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. वाचणारे होते हवालदार केरबा पोवार. तंबूत स्टोव्हजवळ मांडी घालून त्यांनी पत्र वाचलं आणि डोळे मिचकावले.

"गजरा! ब्येस नाव हाय. आन् पोरगी गोरी हाय म्हणं. म्हंजे तुझ्यावर न्हाई गेली, वाचली बिचारी."

हसता हसता त्यांना खोकला आला. बराच वेळ खोकले. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, की नवी गाडी आली.

आम्ही बाहेर आलो. हेलिकॉप्टरनं आणून ठेवलेली बर्फावरची स्कूटर उन्हात उभी होती. अशा स्कूटरला चाकं नसतात. पुढं दोन पट्ट्या असतात आणि मागं दातऱ्यांचा रबरी पट्टा बर्फ ओरबाडत फिरतो. आमच्याकडं आधीची एक होती. लांब, रुंद, जड. दोघांना बसायला ऐसपैस गादी. तिला आम्ही म्हस म्हणायचो. ही नवी अंगानं बारीक होती, पट्ट्या एकमेकींना चिकटल्यासारख्या जवळ, आणि पट्ट्याच्या दातऱ्या बोटाएवढ्या उंच.

केरबा हवालदारांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून बघितलं.

"हिला बसायची जागा कुठं हाय?"

"एक आदमी की गाडी है, उस्ताद," स्तोबदन म्हणाला. हा लडाखचा पोरगेला लान्सनायक, गाडीबरोबर शिकवायला आला होता.

"एकाची? मग ह्यो धुळ्या कुठं बसायचा? माझ्या मांडीवर?"

सगळे हसले. मीही हसलो, पण लगेच थांबलो. कारण गेले काही हिवाळे माझी जागा तीच होती, केरबा हवालदारांच्या पाठीमागं.

मी फौजेत आलो तो खच्चरं हाकायला. आम्ही धनगर, जनावरामागं चालण्यात जन्म गेलेला. पण खच्चर बर्फ सुरू होतं तिथं थांबतं, पुढं येत नाही. माझी गाठ सुटत नाही असं कुणीतरी साहेबांना सांगितलं आणि मला स्कूटरमागच्या घसरगाडीवर ओझं बांधायला लावलं. रॉकेल, आटा, साखर, बॅटऱ्या. ओझं बांधायचं, आणि मग हवालदारांच्या मागं बसून वरच्या चौकीकडं जायचं.

वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जायची. आडव्या वाटेवर म्हस खालच्या अंगाला कलायची. तेव्हा मागच्या माणसानं डोंगराच्या बाजूला अंग झोकून लोंबकळायचं, म्हणजे ती सरळ राहते. अंग झोकलं की मी हवालदारांच्या पाठीवर एक थाप मारायचो. थाप बसली की ते गॅस द्यायचे. कधी मागं वळून बघितलं नाही त्यांनी. मला चार हिवाळे दिसली ती त्यांची पाठ.

आणि एका वळणावर ते नेहमी थांबायचे. तिथून वर डोंगरात एक मोठा खळगा दिसायचा, जेवणाच्या थाळ्यासारखा. आम्ही त्याला थाळाच म्हणायचो. तिथं हवालदार तंबाखूची चिमूट काढायचे, बर्फावर टाकायचे आणि म्हणायचे, "घे रं." मला वाटायचं, डोंगराला देतायत. मीही माझ्या पिशवीतला बिरोबाचा भंडारा उधळायचो. दोघं आपापल्या देवाचं करून पुढं निघायचो.

नव्या गाडीचं शिक्षण दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

"बैठना नहीं है, उस्ताद," स्तोबदन सांगत होता. "खडे रहना है. पहाड जिस तरफ है, दोनों पाँव उस तरफ. गाडी को अपने ऊपर खींचो. और हैंडल उलटा, नीचे की तरफ."

"म्हंजे जायाचं वर आन् तोंड करायचं खाली?"

"हाँ, उस्ताद."

"सासुरवाडीला जाताना करतो तसं की रं मग!"

पुन्हा हशा. हवालदार गाडीवर चढले. सपाटीवर गाडी छान पळवली त्यांनी. मग तळामागच्या आडव्या उतारावर घातली, आणि अर्ध्यात गेल्यावर ती कलंडली. ते बर्फात, गाडी त्यांच्यावर. उठले, मिशीतला बर्फ झाडला, परत चढले. परत कलंडली. तिसऱ्यांदाही तेच. पहिल्या खेपेला तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. तिसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा बघून कुणी हसलं नाही.

मी खाली उभा राहून बघत होतो. मला दिसलं ते असं, की उतार लागला की त्यांचं अंग क्षणभर थांबायचं. मागून वजन येईल, पाठीवर थाप बसेल, म्हणून वाट बघायचं. तेवढ्यात गाडी गेलेली असायची.

आठवडाभर त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी तोंडाला फडकं बांधून निघायचे, रोज पडायचे. खोकला वाढत होता. मी म्हटलं, "डॉक्टरसायबांस्नी दाखवा हवालदार."

"दाखवलं की खाली धाडतील. मला आत्ता खाली जायाचं न्हाई. आन् तू कुणाजवळ बोललास तर तंगडी मोडीन."

एका सकाळी ते पडले आणि लवकर उठलेच नाहीत. मी धावत गेलो. ते बर्फात बसून थाळ्याच्या दिशेला बघत होते.

"लागलं का?"

"न्हाई." मग माझ्याकडं बघितलं. "धुळ्या, तू चढ."

"मी? मला कुठं गाडी येती?"

"चढ म्हणतो न्हवं."

चढलो. डोंगर डाव्या हाताला होता. दोन्ही पाय डाव्या अंगाच्या, पाय ठेवायच्या फळीवर घेतले, अंग डोंगराकडं झोकलं, हँडल खाली वळवलं आणि जीव मुठीत धरून गॅस दिला. गाडी थरथरली, दातऱ्या बर्फात रुतल्या आणि उतार आडवा कापत निघाली. शेळी कड्यावरून जाते तशी. पलीकडं पोचल्यावर मला खरं वाटेना. मी नवं काही केलंच नव्हतं. अंग झोकायचं काम तर मी चार हिवाळे करत होतो, फक्त आता पुढं पाठ नव्हती.

मला वाटलं हवालदार शाबासकी देतील, नाहीतर एखादी शिवी हासडतील. ते उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून, आणि नुसतं म्हणाले, "जमतंय. तुला जमतंय."

सुभेदार साहेबांना हे आवडलं नाही. "खच्चरवाल्याच्या हातात नवी गाडी देताय, पोवार?"

"सायेब, ही गाडी बी खच्चरच हाय. चालवणाऱ्याच्या मनासारखी वागत न्हाई, तिच्या मनासारखं आपुन वागावं लागतं. ह्याला सवय हाय."

त्यानंतर त्यांनी माझा पिच्छा पुरवला. स्तोबदन दुसऱ्या तळावर शिकवायला निघून गेला, तरी हवालदार रोज मला त्याच उतारावर न्यायचे. स्वतः खाली उभे राहायचे आणि ओरडायचे, "अंग टाक! आजून टाक! खाली बघू नगंस!" एकदा रिकामी घसरगाडी मागं लावून, एकदा भरलेली लावून. आणि दर वेळी एकाच अंगानं. पलीकडं गेलो की गाडी सपाटीवरून लांबच्या वळशानं परत आणायला लावायचे, आणि पुन्हा तोच उतार, डोंगर डाव्या हाताला.

"आता उजव्या अंगानं बघू का करून? स्तोबदन म्हणत हुता दोन्ही अंगं..."

"न्हाई. डावा."

"पर का?"

"मी सांगतोय म्हणून. डावा पक्का झाला पायजे. झोपंत सुदीक चुकता कामा न्हाई."

मला राग आला होता. वाटलं, हा माणूस माझी मागची जागा गेली म्हणून मला गाडी देतोय, की स्वतःला जमलं नाही म्हणून माझ्यावर काढतोय? दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. गावाकडं गजरा मान धरायला लागली असेल. मला तिचं तोंडही माहीत नव्हतं.

मग एका संध्याकाळी सुभेदार साहेबांनी दोघांना बोलावलं. मला म्हणाले, "उद्या हवा साफ आहे. वरच्या चौकीची चार माणसं दोर लावून थाळ्यात उतरतील आणि बर्फ फोडतील. गोरड, तू नवी गाडी आणि घसरगाडी घेऊन थाळ्यापर्यंत जायचं आणि आणायचं."

"काय आणायचं, सायेब?"

साहेबांनी हवालदारांकडं बघितलं. "सांगितलं नाहीत?"

"सांगतो," हवालदार म्हणाले.

तंबूकडं येताना ते बोलले. चालत चालत, पुढं बघत.

"माझा भाचा हाय तिथं. आनंदा. चार वर्सं झाली. दुसऱ्या पलटणीत हुता. वर थाळ्यात बर्फ सुटलं, चौघं गाडलं. तिघं घावलं, ह्यो न्हाई घावला. आता पंधरा दिसांमागं वरच्या गस्तीला बुटाचा तळ दिसला, आन् निळा दोर. बर्फ सरकत सरकत त्याला वर घिऊन आलंय."

तंबाखूची चिमूट माझ्या डोळ्यांपुढं आली.

"अक्काचा एकुलता. बाप लहानपणीच गेला त्याचा, तवापास्नं दोघं आमच्याच घरी. भरतीला मीच न्हेला. छाती मोजताना श्वास कसा धरायचा त्ये मी शिकवलं." ते खोकले, थांबले. "त्यो गेल्यावर भाऊबीजेला घरी गेलो. पाट मांडला न्हवता अक्कानं. म्हणाली, माझं प्वार जिथं ठिवलंयस तिथनं घिऊन ये, मग पाटावर बस. तवापास्नं मला कुणी ओवाळलं न्हाई, धुळ्या. म्हणून दर खेपंला अर्ज करून हितंच येतो. ती म्हस काय वर थाळ्यात जात न्हवती. ही जाती, तर ही मला वळना."

"आन् डावा उतार..."

"थाळ्याला जायाची वाट. सगळा डोंगर डाव्या हाताला हाय. रोज बघतोय मी ती. पाठ हाय मला."

सकाळी ओझ्याचे दोर मी घ्यायला गेलो तर हवालदारांनी ते आधीच नीट गुंडाळून घसरगाडीवर ठेवले होते. वर स्वतःचं कांबळं घडी करून ठेवलं होतं.

"हे त्याच्यावर घाल. कापडात नुसतं गुंडाळून आणू नगंस."

गाडी एकाची, म्हणून त्यांना वर यायची परवानगी नव्हती. ते म्हशीवर बसून वळणापर्यंत आले आणि तिथं थांबले. मी पुढं निघालो. मागं वळून बघितलं तर ते दुर्बीण डोळ्याला लावून उभे होते.

जाताना काही अडलं नाही. पाय आपोआप डाव्या फळीवर गेले, अंग आपोआप डोंगराकडं पडलं. खाली, उताराच्या तळाशी, बर्फातली भेग दिसत होती, आत निळी आणि अंधारी. मी तिच्याकडं बघितलं नाही. थाळ्यात वरच्या चौकीच्या माणसांनी काम बरंचसं उरकलं होतं. दुपार कलेपर्यंत आम्ही कुऱ्हाडींनी बर्फ फोडला. पोरगा कुशीवर होता, हात छातीशी घेतलेले. चार वर्षांत त्याला काहीच झालं नव्हतं. मिशी नुकती फुटलेली. मी त्याच्यावर कांबळं घातलं आणि बांधलं. आयुष्यात इतक्या हळू गाठ कधी मारली नव्हती. त्याच्या कपाळाला भंडारा लावला. वरचे गडी दोर धरून त्यांच्या वाटेला लागले, ढग यायच्या आत त्यांना पोचायचं होतं.

मी गाडी वळवली, परतीच्या उतारावर घातली, आणि पाय डाव्या फळीवर टाकले.

डोंगर उजव्या हाताला होता.

गाडी खाली झुकली. मी घाईनं पाय बदलले, हँडल भलतीकडंच वळलं, आणि गाडी घसरली. घसरगाडी मागून हेलकावून खालच्या अंगाला गेली आणि तिनं मला आणखी ओढलं. कसंबसं इंजिन बंद केलं आणि गाडी बर्फात रुतवून मी तिला अंगानं टेकू दिला. भेग आता जवळ होती. मी हललो तर गाडी हलत होती.

तेव्हा मला उमजलं. हवालदारांनी जायची वाट पाठ केली होती, माझ्याकडून करून घेतली होती. यायची वाट त्यांच्या मनात कधी आलीच नव्हती. चार वर्षं तो माणूस मनातल्या मनात फक्त आनंदापर्यंत जात होता. पोरगा सापडला की सगळं सरलं, असंच त्याचं होतं.

किती वेळ तसा होतो सांगता येत नाही. मग खाली काहीतरी हललं. एक ठिपका चढत होता. बिनदोराचा, एकटा, सरळ माझ्याकडं. त्या उंचीवर माणसानं धावायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ते धावत होते. पडत होते, उठत होते, परत धावत होते.

पोचले. गाडीला हात टेकून उभे राहिले. छातीतून खळखळ आवाज येत होता, पाणी उकळल्यासारखा. मग घसरगाडीशी गेले. कांबळ्यावर तळहात ठेवला. उघडून बघितलं नाही.

"चल रं आनंदा," म्हणाले. "लई झोपलास."

मग माझ्याकडं वळले. "माझं चुकलं, मर्दा. उजवा शिकवायचा ऱ्हायला. आता आसं कर. तू हँडल बघ. वजन मी देतो."

"तुमाला न्हाई जमायचं हवालदार. बसा, मी..."

"गप. चार हिवाळं तू दिलंस न्हवं?"

ते उजव्या फळीच्या मागच्या टोकाला उभे राहिले, एका हातानं गाडी धरली आणि सगळं अंग डोंगराकडं लोटून दिलं. कधी न झोकलेलं ते अंग. गाडी हळूहळू सरळ झाली. मी हँडल खाली वळवलं आणि थांबलो. आपोआपच थांबलो.

पाठीवर थाप बसली.

मी गॅस दिला. सबंध उतारभर तसंच. जिथं गाडी झुकली तिथं मागून वजन आलं, जिथं अडलो तिथं थाप बसली. मी मागं वळून बघितलं नाही. ते मागं का वळत नव्हते, ते तेव्हा कळलं मला. गरजच नव्हती.

वळणाशी आलो. म्हस तिथंच उभी होती, तिला उद्या न्यायचं. हात सवयीनं गॅसवरून उचलला. तंबाखू टाकायचे ते इथं.

"थांबू नगंस," मागून आवाज आला. "आता हितं कोण न्हाई."

तळावर उतरल्यावर त्यांच्या फडक्यावर गुलाबी फेस दिसला, छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर साहेबांनी प्राणवायूची नळी लावली, सुया दिल्या. हेलिकॉप्टर मागवलं, पण ढग खाली आले होते, ते येऊ शकलं नाही. हवालदारांनी सारखं एकच विचारलं, पोरगा कुठं ठेवलाय. शेजारच्या तंबूत आहे म्हटलं की डोळे मिटायचे. एकदा म्हणाले, "औंदा भाऊबीज कवा हाय रं?" मी सांगितलं. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "गावतीय. पोचतोय आपुन."

ढग उघडल्यावर दोन पेट्या एकाच हेलिकॉप्टरनं खाली गेल्या. सोबत मला धाडलं. हवालदारांचं गाव कागलाकडचं. पोचलो तेव्हा दिवाळीचा पाडवा होता. दारं बंद, कुठं पणती नाही, सगळं गाव चावडीसमोर उभं. पेट्या खाली ठेवल्या. बायकांनी हंबरडा फोडला. गर्दीतून एक उंच, वाळलेली बाई पुढं आली. लेकाच्या पेटीपाशी बसली, तिच्यावरून हात फिरवला, बराच वेळ. रडली नाही. मग उठली आणि घरात गेली.

परत आली ती हातात ताट घेऊन. ताटात निरांजन, सुपारी, कुंकू. भावाच्या पेटीसमोर पाट मांडला.

एक म्हातारी पुढं झाली. "अगं, सुतकात काय ह्ये? आन् आज पाडवा हाय. भाऊबीज उद्या."

"उद्या कुठं आसणार हाय त्यो?" अक्का म्हणाली, आणि ओवाळायला लागली.

गजरा शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर मीही अक्षरं गिरवली. म्हणून हे लिहिता आलं.

हवालदार केरबा ज्योती पोवार त्या साली वसुबारसेच्या दिवशी सकाळी वारले. त्यांचा भाचा, शिपाई आनंदा भाऊ चौगुले, त्याच्या चार वर्षं आधी माघ महिन्यात वारला होता. दोघांना पाडव्याच्या दिवशी एकाच वेळी अग्नी दिला.